फुप्फुसातल्या जुन्या गुठळ्या : शस्त्रक्रिया की फुगा?

प्रश्न (पत्राचा सारांश) : माझी आई ५८ वर्षांची असून आम्ही फलटणजवळच्या गावात राहतो. अडीच वर्षांपूर्वी पाय घसरून तिच्या घोट्याचे हाड मोडले आणि दीड महिना पायाला प्लास्टर होते. प्लास्टर काढल्यानंतर आठवडाभरात तिला एकाएकी धाप लागली. पायातली गुठळी फुप्फुसात गेल्याचे निदान झाले आणि सहा महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देऊन त्या थांबवण्यात आल्या. दम मात्र पूर्वीसारखा झालाच नाही. वर्षभर दमा समजून पंप दिले. शेवटी टूडी इकोमध्ये फुप्फुसाचा दाब ७८ निघाला, कॅथ लॅबमधल्या तपासणीत सरासरी दाब ४६ आला. जुन्या गुठळ्या बारीक शाखांमध्ये आहेत, शस्त्रक्रिया होणार नाही, फुग्याने अँजिओप्लास्टी करावी लागेल आणि ती चार-पाच वेळा करावी लागेल, असे सांगितले आहे. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू झाली आहे आणि रिओसिग्वाट नावाची नवी गोळी दिली आहे. एका नातेवाइकाने गुठळी नळीने ओढून काढतात असा व्हिडिओ पाठवला. तसे होईल का? फुग्याचा उपचार सुरक्षित आहे का? नुसत्या गोळ्यांवर भागेल का? आधीच्या सिल्डेनाफिलच्या दोन पट्ट्या शिल्लक आहेत, त्या संपवू का? आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर फलटणहून पंढरपूरला चालत जाते. यंदा जाऊ देऊ का?

उत्तर : तुमचे पत्र आणि सोबतचे रिपोर्ट दोनदा वाचले. उत्तर थोडे लांबेल, कारण तुमच्या एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात अडकलेले आहे. फुग्याच्या उपचाराला माझा विरोध नाही, आणि तुमच्या आईंना कदाचित तोच लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र ‘शस्त्रक्रिया होणार नाही’ हे वाक्य कोणी उच्चारले आणि उच्चारणाऱ्याने अशा शस्त्रक्रिया किती केल्या किंवा पाहिल्या आहेत, याचा निकाल फुग्याच्या तारखेआधी लागला पाहिजे.

सिल्डेनाफिलच्या पट्ट्यांचे उत्तर थांबू शकत नाही, म्हणून ते पहिल्यांदा. त्या गोळ्या आजच बाजूला काढा आणि आईंच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. रिओसिग्वाट आणि सिल्डेनाफिल ही औषधे शरीरात एकाच वाटेने रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येऊ शकतो. हीच गोष्ट छातीत दुखले की आपल्याकडे घरोघरी जिभेखाली ठेवल्या जाणाऱ्या सॉर्बिट्रेटची. तुमच्या आईंना छातीत दुखले तर शेजारच्या काकांच्या डब्यातली ती गोळी देऊ नका, आणि गावातल्या डॉक्टरांनाही रिओसिग्वाट चालू असल्याचे आधीच सांगून ठेवा. पैसे देऊन आणलेली औषधे टाकवत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण येथे ती काटकसर महागात पडेल.

आता आजाराविषयी. पायातून सुटून फुप्फुसात अडकलेली गुठळी बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरून जाते. गोळ्या नवी गुठळी होऊ देत नाहीत आणि जुनी विरवण्याचे काम शरीर स्वतःच करते. अशा रुग्णांपैकी शंभरातल्या सुमारे तिघांच्या बाबतीत मात्र हे काम अर्धवट राहते. उरलेली गुठळी मग गुठळी राहत नाही. ओला गिलावा थापीने खरवडता येतो, पण वाळल्यावर तो भिंतीचाच भाग होतो. त्याचप्रमाणे ही गुठळी तंतुमय होऊन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराशी एकजीव होते. कोठे तिची जाळी बनते, कोठे कडे, कोठे आडवी पट्टी, तर कोठे वाट पूर्णच बुजते. तुम्ही पाटाच्या पाण्याच्या मुलखातल्या आहात, तेव्हा पुढचे तुम्हाला लगेच कळेल. चार चाऱ्यांपैकी तीन बंद झाल्या तरी पाणी मागून यायचे थांबत नाही. सगळा लोट उरलेल्या एका चारीत शिरतो आणि तिचे काठ कापू लागतो. फुप्फुसात उघड्या राहिलेल्या शाखांचेही असेच होते. जास्तीचा प्रवाह आणि दाब सोसता सोसता त्यांच्या टोकाच्या सूक्ष्म वाहिन्या जाड व अरुंद होतात आणि मूळ अडथळ्याइतकाच हा दुसरा अडथळाही दाब वाढवू लागतो. हा सगळा दाब पेलून रक्त पुढे ढकलण्याचे काम हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याचे. तो कप्पा अशा ओझ्यासाठी बनलेला नाही. तो ताणतो, थकतो, आणि मग चढावर धाप, पायांवर सूज, कधी चक्कर हे दिसू लागते.

वैद्यकात या आजाराच्या लांबलचक नावाचे (क्रॉनिक थ्रॉम्बोएम्बोलिक पल्मनरी हायपरटेन्शन) संक्षिप्त रूप CTEPH, ते ‘सीटेफ’ असे उच्चारले जाते. रिपोर्टवर ते दिसेल. तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांचा मेळही येथेच लावून देतो, कारण ७८ चे ४६ झाले म्हणजे दाब उतरला, असे तुमच्या पत्रातल्या एका ओळीवरून तुम्हाला वाटलेले दिसते. तसे झालेले नाही. इकोमधला ७८ हा हृदयाच्या ठोक्यावेळी वर चढणाऱ्या दाबाचा बाहेरून बांधलेला अंदाज आहे. कॅथ लॅबमध्ये नळी आत नेऊन मोजलेला ४६ हा सरासरी दाब आहे, आणि निदानासाठी तोच धरायचा असतो. निरोगी माणसात हा सरासरी आकडा १४ च्या आसपास असतो आणि २० च्या वर गेला की तो वाढलेला समजतात. तेव्हा ४६ हा गंभीर आकडा आहे. पण तो तसाच राहील असे मात्र मुळीच नाही.

पंपांच्या त्या वर्षाबद्दल तुम्ही रागाने लिहिले आहे आणि तो राग मला समजतो. पण राग योग्य ठिकाणी ठेवू या. हाड मोडून प्लास्टरमध्ये राहिल्यामुळे, म्हणजे तात्पुरत्या कारणाने, झालेल्या गुठळीसाठी तीन ते सहा महिने गोळ्या देऊन थांबणे ही मान्य पद्धत आहे. तेथे चूक झाली असे मी म्हणणार नाही. चूक झाली ती त्यानंतर. गुठळी झालेल्या माणसाची धाप तीन महिने नीट औषध घेऊनही जात नसेल, तर दम्याचा विचार करण्याआधी इको आणि त्याच्या जोडीने व्हीक्यू स्कॅन व्हायला हवा होता. या स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या कोणत्या भागात हवा जाते आणि कोणत्या भागात रक्त जाते, याची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहतात. हवा आहे पण रक्त नाही असे तुकडे दिसले की संशय पक्का होतो, आणि स्कॅन पूर्ण निर्दोष आला तर हा आजार जवळजवळ बाद होतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये भिंतीला चिकटलेल्या जुन्या गुठळ्या सवय नसलेल्या नजरेतून सहज निसटतात. हे मी इतर वाचकांसाठीही लिहीत आहे, कारण या आजाराच्या सुमारे चौथाई रुग्णांना आपल्याला कधी गुठळी झाली होती हेच आठवत नाही. ते थेट धाप घेऊनच येतात आणि त्यांच्या हातातही बहुधा पंपच दिला जातो.

तुमच्या नातेवाइकांनी पाठवलेला व्हिडिओ खोटा नाही, पण तो वेगळ्या आजाराचा आहे. गुठळी ताजी असते, मऊ असते, तेव्हा जाड नळीने ती ओढून काढता येते किंवा औषधाने विरघळवता येते. अडीच वर्षांपूर्वी अतिदक्षता विभागात असताना हा विचार करता आला असता. आज तुमच्या आईंच्या फुप्फुसात ओढून काढण्यासारखे काही सुटे उरलेलेच नाही.

मग जे भिंतीचा भाग झाले आहे, ते काढायचे कसे? एक मार्ग भिंतीचे ते अस्तरच सोलून काढण्याचा. या शस्त्रक्रियेला फुप्फुसधमनीची एंडार्टरेक्टॉमी म्हणतात. तिची पद्धत मुख्यतः अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० पासून घडत गेली. छातीचे मधले हाड उघडून रुग्णाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतात, शरीराचे तापमान १८ ते २० अंशांपर्यंत खाली आणतात आणि मग रक्ताभिसरण एका वेळी साधारण २० मिनिटांपर्यंत पूर्णपणे थांबवतात. कारण रक्ताचा थेंबही आड आला तर अस्तराचा नेमका पापुद्रा सापडत नाही. शस्त्रक्रियेनंतर ट्रेमध्ये मांडून ठेवलेला तो काढलेला भाग मी पाहिला आहे. पिवळसर पांढरा, चिवट, खोडापासून बोटाएवढ्या आणि पुढे काडीएवढ्या फांद्यांपर्यंत अखंड निघालेला. शेवग्याची वाळकी डहाळी तोडून ठेवावी तसा. ते पाहिल्यावर ‘औषधाने का विरघळत नाही’ हा प्रश्न कोणी पुन्हा विचारत नाही.

शस्त्रक्रियेचे हे वर्णन ऐकून घरातल्यांचा जीव दडपतो आणि मग ‘चिरफाड नाही’ असा उपचार आहे म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास सोडतात. येथेच मला तुम्हाला थांबवायचे आहे. जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आजही पहिला मान शस्त्रक्रियेचाच आहे, कारण अडथळा मुळातून निघून जाऊन दाब पूर्ववत होण्याची शक्यता एकाच वेळी तीच देते. अनुभवी केंद्रांत तिच्यातला मृत्यूचा धोका शंभरात पाचाहून कमी असतो. फुग्याचा उपचार हा शस्त्रक्रिया करता येत नाही अशांसाठी, किंवा शस्त्रक्रियेनंतरही दाब उरलेल्यांसाठी आहे; शस्त्रक्रियेची भीती वाटते म्हणून निवडण्याची ती पळवाट नव्हे. गुठळ्या किती आत आहेत यावर शस्त्रक्रिया ठरते, आणि ‘किती आत’ याची व्याख्या सर्जनच्या हातावर बदलते. वर्षाला दोन-चार शस्त्रक्रिया करणाऱ्याला जे अशक्य वाटते, ते शेकडो केलेल्याला शक्य वाटू शकते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, आईंच्या सीटी स्कॅनची, फुप्फुसाच्या अँजिओग्राफीची आणि व्हीक्यू स्कॅनची सीडी घ्या. नुसता छापील रिपोर्ट नको, चित्रे हवीत. ती घेऊन ही शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या एका तरी पथकाचे मत मिळवा. बेंगळुरूच्या नारायणा इन्स्टिट्यूट ऑफ कार्डियाक सायन्सेसमध्ये ही शस्त्रक्रिया बरीच वर्षे मोठ्या संख्येने होत आली आहे. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या माहितीत जवळचे दुसरे असे केंद्र असेल तर तेही चालेल. पहिल्या मतासाठी बहुतेक वेळा रुग्णाला नेण्याची गरज पडत नाही. सर्जन, फुग्याचा उपचार करणारे हृदयरोगतज्ज्ञ आणि फुप्फुसरोगतज्ज्ञ एकत्र बसून चित्रे पाहतात आणि मग ठरवतात, ही खरी रीत. त्या बैठकीतूनही ‘शस्त्रक्रिया नको, शाखा फारच बारीक आहेत’ असेच उत्तर आले, तर मनात किंतु न ठेवता फुग्याकडे वळा. कधी कधी उत्तर ‘दोन्ही’ असेही येते : मोठ्या शाखा सोलून काढायच्या आणि उरलेल्या बारीक शाखा नंतर फुग्याने उघडायच्या.

फुग्याच्या उपचाराचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे, कारण सुरक्षिततेचे उत्तर त्यातच आहे. पहिला प्रयोग नेदरलँड्समध्ये एका रुग्णावर झाला, त्याचे वृत्त १९८८ चे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी १८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दाब उतरला होता, चालणे सुधारले होते, पण १८ पैकी ११ जणांच्या फुप्फुसात पाणी झाले आणि एक रुग्ण दगावला. इतक्या किमतीत हा उपचार कोणाला परवडेना आणि तो जवळजवळ बाजूला पडला. त्याला पुन्हा उभे केले ते जपानने, विशेषतः ओकायामा येथील हिरोमी मात्सुबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी लहान फुगे वापरले, एका बैठकीत, म्हणजे एका वेळच्या उपचारात, थोड्याच शाखा हाताळल्या, आणि एकदम सगळे उघडण्याचा मोह टाळून काम अनेक बैठकींत वाटून टाकले. २०१२ मध्ये त्यांनी ६८ रुग्णांची माहिती मांडली. सरासरी दाब ४५ वरून २४ वर आला होता. पुढे जपानमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ३०८ रुग्णांची आणि १,४०८ बैठकींची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तेथेही दाब ४३ वरून २४ च्या आसपास उतरला. तुमच्या आईंचा आकडा ४६ आहे, म्हणून ही उदाहरणे मुद्दाम दिली.

त्याच जपानी नोंदीतला दुसरा आकडाही वाचा. शंभरातल्या सुमारे ३६ बैठकींत काही ना काही गुंतागुंत झाली होती आणि बैठकीनंतरच्या तीस दिवसांत दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण शंभरात २.६ होते. यातल्या बऱ्याचशा गुंतागुंती किरकोळ, म्हणजे खोकल्यातून थोडे रक्त पडणे अशा स्वरूपाच्या असतात. पण काही तशा नसतात. पूर्वी समजत की बंद शाखेत रक्त अचानक शिरल्यामुळे फुप्फुस सुजते. आता असे दिसते की बऱ्याच वेळा मूळ कारण फुगा नेणाऱ्या तारेच्या टोकाने बारीक वाहिनीला पडलेले छिद्र किंवा फुगा जास्त फुगवल्यामुळे झालेली इजा हे असते. म्हणजे धोका बराचसा हाताच्या कौशल्याचा आहे. कड्यासारखे आणि जाळीसारखे अडथळे उघडणे तुलनेने सोपे. पूर्ण बुजलेली वाट किंवा टोकाची वेडीवाकडी शाखा उघडायला गेले की इजेचे प्रमाण वाढते. छेद टाचणीएवढा असला म्हणजे धोकाही टाचणीएवढाच असतो, हा आपला आवडता गैरसमज आहे, आणि ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’, म्हणजे कमीत कमी चिरफाडीचा, या शब्दाने तो आणखी पोसला आहे.

प्रत्यक्षात काय होते, हे आईंना आधी सांगून ठेवा. माहीत असलेली गोष्ट माणूस शांतपणे सोसतो. जांघेतल्या किंवा मानेतल्या शिरेवर जागा बधिर करून एक नळी आत घालतात आणि ती हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीत नेतात. सहसा पूर्ण भूल देत नाहीत, कारण रुग्णाने सांगितल्याबरोबर श्वास धरला पाहिजे. ‘मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका’ हे वाक्य त्या तासा-दोन तासांत त्यांना कित्येकदा ऐकू येईल, त्याचा घरी सराव करून घ्या. नळीतून डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारे द्रव, सोडला की पडद्यावर फुप्फुसाचे झाड उमटते. निरोगी माणसाचे झाड टोकापर्यंत दाट असते. या आजारात काही फांद्या मध्येच छाटल्यासारख्या थांबतात, आणि जाळी असलेल्या ठिकाणी डाय धुरकट, रेंगाळत पुढे सरकतो. तेथून साधारण ०.३६ मिलिमीटर जाडीची तार, म्हणजे शिवणाच्या सुईहूनही बारीक, त्या जाळीतल्या फटीतून पलीकडे सारतात. तारेवरून फुगा जातो. पहिला फुगा बहुधा दोनच मिलिमीटरचा. तो काही सेकंद फुगवून उतरवतात. जाळीचे धागे तुटतात, भिंतीकडे दाबले जातात, आणि पुढच्या वेळी डाय सोडला की तीच फांदी टोकापर्यंत भरून येते आणि रक्त शिरांमधून हृदयाच्या डाव्या बाजूकडे परतताना दिसते. हृदयाच्या अँजिओप्लास्टीत बसवतात तसा स्टेंट येथे सहसा बसवत नाहीत.

हे सर्व होत असताना घशात खवखवले, खोकल्याची उबळ आली किंवा तोंडात रक्ताची चव आली, तर संकोच न करता तत्काळ सांगायचे, हे आईंच्या मनावर बिंबवा. आपल्या बायका टेबलावर पडल्या पडल्याही ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून गप्प राहतात, हे मी वारंवार पाहिले आहे. त्या पहिल्या खोकल्यावरच डॉक्टर फुगा मागे घेऊन गळती दाबून धरतात आणि पुढचा प्रसंग टळतो. बैठकीनंतरची रात्र देखरेखीखाली जाते. पहिल्या बैठकीनंतर फार फरक जाणवला नाही तर निराश होऊ नका. चार-पाच बैठकी म्हणजे तुमची फसवणूक नव्हे, सुरक्षिततेसाठी जाणूनबुजून केलेली वाटणी आहे. प्रत्येक वेळी डाय मूत्रपिंडांतून बाहेर पडतो, तेव्हा दर बैठकीआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, तपासलेले असावे.

नुसत्या गोळ्यांवर भागेल का, हा तुमचा प्रश्न फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जवळपास याच शब्दांत स्वतःला विचारला होता. शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या १०५ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला रिओसिग्वाट दिले आणि दुसऱ्याला फुग्याचा उपचार केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ‘रेस’ अभ्यासात सहा महिन्यांनंतर फुप्फुसातल्या वाहिन्यांचा रक्ताला होणारा रोध फुग्याच्या गटात सुमारे ६० टक्क्यांनी उतरला, तर गोळीच्या गटात सुमारे ३३ टक्क्यांनी. म्हणजे नुसती गोळी अर्धेच काम करते. गंभीर दुष्परिणाम मात्र फुग्याच्या गटात ४२ टक्के रुग्णांना झाले आणि गोळीच्या गटात ९ टक्क्यांना. मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट पुढची आहे : ज्यांनी सहा महिने गोळी घेऊन मग फुग्याचा उपचार घेतला, त्यांच्यात हेच प्रमाण १४ टक्क्यांवर आले. दाब थोडा उतरवून मग वाहिनीला हात लावला तर ती कमी दुखावते, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो. तुमच्या डॉक्टरांनी फुग्याआधी रिओसिग्वाट सुरू केले आहे, हे चालढकल म्हणून नव्हे, याच हिशेबाने केलेले असणार. आणि सर्जनचे मत मिळवायला जे काही आठवडे लागतील ते त्यामुळे वाया जाणार नाहीत. ही गोळी लहान मात्रेपासून रक्तदाब पाहत पाहत वाढवायची असते. आईंना उठताना अंधारी येत असेल तर मात्रा परस्पर कमी न करता फोन करून विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी मात्र आता जन्मभर. शस्त्रक्रिया झाली तरी, फुग्याने दाब १८ वर आला तरी, आईंना अगदी बरे वाटले तरी ती सुटणार नाही. आईंच्या चिठ्ठीवर असिनोकुमेरॉल दिसते, म्हणजे आयएनआर ही रक्त किती पातळ झाले आहे ते दाखवणारी तपासणी नियमित हवी. तो आकडा साधारण दोन ते तीनच्या दरम्यान राहावा. एक वही करा, त्यात तारीख, आयएनआर आणि किती मिलिग्रॅम गोळी चालू आहे एवढेच लिहा. गोळी रंगावरून ओळखू नका, पट्टीवरचे मिलिग्रॅम वाचा. मेथी-पालक बंद करण्याची गरज नाही. पण महिनाभर काहीच नाही आणि मग श्रावणात रोज पालेभाजी, असे केले की आयएनआर डळमळतो. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की गुडघे दुखले की आई मेडिकलमधून गोळी आणून घेते. ती सवय आजपासून बंद. वेदनाशामक गोळ्या आणि असिनोकुमेरॉल मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. सांधेदुखीचे काढे आणि चूर्णेही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत. गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची रक्ततपासणी मला रिपोर्टांत दिसली नाही, ती झाली नसेल तर विचारा. ती सदोष आली तर आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्यांवर जाण्याचा मोह टाळावा लागतो.

खर्चाबद्दल तुम्ही एका बैठकीचा आकडा विचारून आला आहात. तो उपयोगाचा नाही. संपूर्ण उपचाराचे, म्हणजे अंदाजे बैठकी, फुगे, अतिदक्षता विभागाचे दिवस आणि शेवटची दाब मोजण्याची तपासणी धरून, लेखी अंदाजपत्रक मागा. अर्धे पैसे संपल्यावर दोन बैठकींनंतर थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि अर्धवट उघडलेल्या फुप्फुसाचा लाभही अर्धवटच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे यातला कोणता भाग योजनेत बसतो ते विचारा. रुग्णालय धर्मादाय संस्थेचे असेल तर तेथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला बरोबर असू द्या आणि दाखल होण्याआधीच तेथल्या समाजसेवकांना भेटा. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटेल असा एक प्रश्न तरीही विचाराच : येथे वर्षाला अशा किती रुग्णांवर फुग्याचा उपचार होतो? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

राहिली वारी. यंदा फलटणपासून चालणे नाही, यावर तडजोड नाही. चढावर धापणाऱ्या उजव्या कप्प्याला बरड, नातेपुते, माळशिरस अशी रोजची चाल, ऊन आणि तहान यांत घालणे म्हणजे चक्कर येऊन पडण्याला आमंत्रण आहे, आणि रक्त पातळ असताना पडले तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच. पण आईंना घरी कोंडूनही ठेवू नका. पालखी फलटणला मुक्कामी येईल तेव्हा दर्शन घडवा. गर्दी ओसरल्यावर एखाद्या दिवशी गाडीने पंढरपूरला न्या, वाटेत तासाभराने उतरवून चार पावले चालवा, पाणी वेळेवर पाजा आणि गोळ्यांचा डबा व ती आयएनआरची वही पिशवीत वरच ठेवा. बैठकी पूर्ण होऊन तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा दाब मोजतील, तेव्हा सहा मिनिटांत त्या किती मीटर चालतात हेही मोजतील. तो कागद मला पाठवा. पुढच्या आषाढीला वाखरीपासून चालायचे की आणखी मागून, ते त्यावरून ठरवू.